शिकविण्याचा खर्च कोणीं सोसावा?

नोकरी लागली कीं मुलाचें शिक्षण संपलें, अशी समजूत आपल्या घरोघर अद्याप दृढ आहे. आतां केलेल्या खर्चाची फेड सुरू झाली, असा वडील मंडळींचा हिशेब असतो. परंतु संगणकाच्या धंद्यानें हा हिशेब उलटा करून टाकला आहे. तेथें खऱ्या परीक्षा नोकरी लागल्यावरच सुरू होतात. सिस्को कंपनीची सी.सी.एन.ए. ही संगणकजालाच्या विद्येची परीक्षा घ्या. तिची फी 300 डॉलर, म्हणजे आपल्या चलनांत 25,000 रुपयांहून अधिक. शिकवणीचा खर्च निराळा. बरें, प्रमाणपत्र मिळालें तरी तें 3 वर्षांपुरतेंच. पुढें त्याचें नूतनीकरण करावें लागतें. मग चिरंजीव किंवा सूनबाई संकोचानें वडिलांपुढें उभीं राहतात, आणि सामाईक तिजोरींतून पैसे निघतात. नाहीं तर एखादा दागिना सोनाराकडे जातो. या विद्येचा लाभ ज्या धन्यास व्हावयाचा, त्याच्यापाशीं कोणीं एकदां शब्द तरी टाकला आहे काय, हा प्रश्न मात्र घरांत कोणाच्याहि मनांत येत नाहीं.

याचें कारण असें कीं, मागणें म्हणजे याचना, अशी आपली कल्पना. पण रघुवंशाच्या पांचव्या सर्गांतील कौत्स आठवावा. चौदा विद्यांबद्दल गुरूला द्यावयाचें 14 कोटी द्रव्य मागण्यास तो रघुराजाकडे गेला. राजानें यज्ञांत सर्वस्व दिलेलें. अतिथीच्या सत्काराला हातांत मातीचें पात्र! पुढें कुबेराकडून सोनें आलें, तेव्हां राजा म्हणे सर्व ने, आणि कौत्स म्हणे मला देण्यापुरतेंच पुरे. या कथेंत मागणाऱ्याच्या प्रतिष्ठेला कोठेंहि उणेपणा आलेला नाहीं. कारण त्याचा आंकडा नेमका होता, हेतु उघड होता, आणि गरजेहून एक कवडीहि अधिक घेण्यास तो तयार नव्हता. लाज मागण्यांत नाहीं. मोघम मागण्यांत आहे.

शिवाय रघूला त्या दानांतून कांहीं मिळावयाचें नव्हतें. आजच्या धन्यास मिळावयाचें आहे. आमच्या तिरोड्याचेंच उदाहरण घेऊं. येथील औष्णिक वीजकेंद्रांत 660 मेगावॉटचे 5 संच आहेत. एकूण शक्ति 3,300 मेगावॉट. असल्या केंद्रांचें नियंत्रण संगणकावरून चालतें, आणि त्या यंत्रणेंत परक्यानें शिरकाव केला तर केवढा अनर्थ ओढवेल हें सांगावयास नको. म्हणूनच केंद्रीय विद्युत प्राधिकरणानें 2021 सालीं काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, वीजक्षेत्रांत अशा यंत्रणा सांभाळणाऱ्या नोकरवर्गानें सायबर सुरक्षेचें शिक्षण घेणें आवश्यक ठरविलें. भातगिरणीच्या यंत्राला लागणाऱ्या वंगणाचा खर्च मजुराकडून कोणी घेत नाहीं. मग यंत्र चालविणाऱ्याच्या बुद्धीला लागणारें वंगण निराळें कां समजावें?

आतां अर्ज कसा करावा तें सांगतों. अर्ज लेखी असावा, एका पानाचा असावा, आणि आधीं आपल्या निकटच्या वरिष्ठाशीं बोलून मग द्यावा. कचेरीचें पुढील वर्षाचें अंदाजपत्रक ठरण्यापूर्वीं तो गेला तर उत्तम. पैसे वांटून झाल्यावर उदार माणूसहि नाइलाज सांगतो. परीक्षेचें नांव, फी, लागणारे दिवस आणि आपल्या गैरहजेरींत काम कोण पाहील, हें स्पष्ट लिहावें. कोणतें काम आज बाहेरच्या माणसाकडून करून घ्यावें लागतें, किंवा अडून राहतें, आणि शिकल्यावर तें आपण कसें करूं, हा अर्जाचा गाभा. घरची अडचण लिहूं नये. ती खरी असली तरी धन्याचें कारण ती नव्हे. दुसरीकडे नोकरी मिळते अशी धमकी तर मुळींच देऊं नये. उलट, ‘निम्मी रक्कम आतां द्यावी, निम्मी उत्तीर्ण झाल्यावर, आणि शिकलेलें मी दोघां सहकाऱ्यांस शिकवीन,’ असें सांगावें. सर्व खर्च नाकारला तर निदान परीक्षेची फी किंवा अभ्यासाची रजा मागावी. प्राथमिक भाग सरकारच्या ‘स्वयम्’ या संकेतस्थळावर विनामूल्य शिकतां येतो. तेवढें आधींच करून ठेवलें तर मागणाऱ्याच्या शब्दाला वजन येतें.

धनी ‘होय’ म्हणाला कीं खरी परीक्षा पुढें आहे. तो करारपत्र पुढें करील, ज्याला हल्लीं बाँड म्हणतात. ‘कोर्टांत हें टिकत नाहीं’ असें सांगणारे शहाणे पुष्कळ भेटतात. त्यांचें ऐकूं नये. विजया बँकेच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें मे 2025 मध्यें असा निर्णय दिला कीं, 3 वर्षें नोकरी करावी, नाहीं तर 2 लाख रुपये भरावे, ही अट 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 प्रमाणें अवैध ठरत नाहीं. तेव्हां सही करण्यापूर्वीं चार गोष्टी पाहाव्या. मुदत केव्हांपासून मोजावयाची? महिने जातील तशी रक्कम घटते काय? नापास झाल्यास काय? आणि धन्यानेंच काढून टाकलें तर काय? प्रमाणपत्र 3 वर्षांत शिळें होणार असेल, तर त्यापायीं 5 वर्षें बांधून घेणें शहाणपणाचें नव्हे.

योगायोग असा कीं, ही विजया बँक 2019 सालीं ज्या बँक ऑफ बडोदांत विलीन झाली, ती 1908 सालीं स्थापणारे सयाजीराव महाराज हेच आपल्याकडील अशा कराराच्या सर्वांत मोठ्या उदाहरणाचे धनी. 1913 सालीं त्यांनीं भीमराव आंबेडकरांस कोलंबिया विद्यापीठांत शिकण्यासाठीं 3 वर्षें दरमहा साडेअकरा पौंड दिले. परत आल्यावर 10 वर्षें संस्थानची नोकरी करावी, अशी अट होती. 1917 सालीं आंबेडकर शब्दाप्रमाणें बडोद्यास रुजू झाले. पण त्या विद्वानाला शहरांत राहावयास जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमांतूनहि त्यांस बाहेर काढण्यांत आलें, आणि थोड्याच दिवसांत नोकरी सोडून परतावें लागलें. महाराजांचा पैसा खरा होता, शिष्याचा शब्दहि खरा होता. करार मोडला तो समाजाच्या अस्पृश्यतेनें. यांतून धन्यांनीं घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे: शिकविलेला माणूस कागदावरील अटीनें टिकत नाहीं, त्याच्या विद्येजोगें काम आणि माणुसकीची वागणूक मिळाली तरच टिकतो.

वडील मंडळींस एवढेंच सुचवावयाचें कीं, पुढल्या वेळीं मुलगा किंवा सून पैसे मागावयास आली, तर ‘नाहीं’ म्हणूं नका. पण तिजोरी उघडण्यापूर्वीं कागद-दौत पुढें ठेवा, आणि आधीं तो अर्ज त्यांच्याच हातानें लिहवून घ्या.