पोलंडमध्ये खायचे काय?

नोकरीसाठी किंवा फिरायला पोलंडला गेलेला आपला माणूस पहिल्याच दिवशी कबाबचे दुकान शोधतो. वॉर्सा, क्राकूफ या शहरांत ती भरपूर आहेत. चार दिवस तेच खाऊन तो परत येतो आणि सांगतो, "तिथे सगळीकडे डुक्कर. आपल्याला खाण्यासारखे काहीच नाही."

हे अर्धेच खरे आहे. आंबवलेल्या कोबीच्या बिगोसमध्ये डुकराचे मांस असते. राईच्या आंबवलेल्या पिठाच्या झुरेक सूपमध्ये सॉसेज असते. पण पोलंडने शतकानुशतके कॅथलिक उपवासही पाळले आहेत. उपवासाला मांस वर्ज्य, म्हणून बिनमांसाचा एक अख्खा स्वयंपाक तिथे घडला. २४ डिसेंबरच्या रात्रीचे पारंपरिक जेवण पाहा : बीटाचे बार्श्च, कोबी-मशरूमचे पिएरोगी, हेरिंग आणि कार्प मासा. त्या रात्री अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट जास्तीचे मांडतात. मेहमाननवाजी आपलीच मक्तेदारी आहे, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

सावध मात्र राहावे लागते. बटाटा आणि ताज्या चीजचे सारण असलेल्या पिएरोगींवर अनेकदा डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालतात. ब्रेडबरोबर येणारे पांढरे 'स्मालेत्स' लोणी नव्हे, तीही बहुधा डुकराचीच चरबी. बटाट्याची धिरडी कशात तळली, सूप कशाच्या पाण्यात शिजवले, हे विचारायलाच हवे. 'बार म्लेच्नी' नावाच्या स्वस्त खानावळींत दूध, पीठ, अंडी यांचे पदार्थ भरपूर मिळतात, तिथेही विचारावे. विचारण्यात कसली लाज? आपल्याकडे जैन माणूस हॉटेलात कांदा-लसणाची चौकशी करतोच की.

आणि ज्यांना पोलंड आणि इस्लाम हे शब्द एका वाक्यात विचित्र वाटतात, त्यांनी ईशान्येच्या पोद्लासे भागात जावे. राजा यान सोबिएस्कीने १६७९ साली तातार मुस्लिम सैनिकांना तिथे जमिनी दिल्या. क्रुशिन्यानी आणि बोहोनिकी या गावांत त्यांच्या लाकडी मशिदी आजही उभ्या आहेत. पातळ पिठाचे थर एकावर एक ठेवून, आत मांस किंवा गोड चीज भरून, गोगलगायीसारखा गुंडाळून भाजलेला त्यांचा 'पिएरेकाचेव्निक' पोलंडचा पारंपरिक पदार्थ म्हणून युरोपीय संघाच्या यादीत आहे. मुसलमानाच्या चुलीवरचा पदार्थ पोलंड आपला म्हणतो, ही साधी गोष्ट नाही.

तातारांनी सव्वातीनशे वर्षांहून अधिक काळ तिथे दीनही सांभाळला आणि देशही आपला मानला. आपण तर चार दिवसांचे पाहुणे. हराम टाळणे हे आपले कर्तव्यच आहे. पण तेवढ्यासाठी यजमानाचे सगळे ताटच नाकारायची गरज नाही.