भरलेली नौका आणि पुतणीचा कान

दिवाळीची गडबड ओसरली, दुकानाचे व्यवहार मार्गी लागले, की अनेक कुटुंबे मालवणची वाट धरतात. गतवर्षी आम्हीही गेलो. सिंधुदुर्ग किल्ल्यालगतच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग करावे, हा मुलांचा हट्ट. एकगठ्ठा नोंदणीचा दर कमी, म्हणून मोठी नौका ठरविली. घाऊक भावाचा मोह आपल्याला सुटत नाही!

नौकेवर दाटी होती. एक जण पाण्यातून वर येताच दुसऱ्याला उतरवीत. पुतणीची पाळी आली. थोडे खाली जाताच तिचा कान ठणकू लागला. पण रांग खोळंबेल म्हणून तिने परतण्याची खूण केली नाही. दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे न्यावे लागले. “काका, माझ्यामुळे सगळ्यांना उशीर झाला असता,” हे तिचे शब्द मला अजून सलतात.

वस्तुतः चूक तिची नव्हती. पाण्याखाली १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकल्यास कानातील दाब समतोल होतो. तसे न झाल्यास थोडे वर येऊन पुन्हा प्रयत्न करावा, अन्यथा परतावे. सर्दी असता उतरूच नये. या साऱ्याला वेळ लागतो, आणि भरलेल्या नौकेवर वेळेचीच टंचाई असते.

दोन दिवसांनी पुतण्यासह मी लहान नौकेने गेलो. आम्ही चौघेच होतो. प्रशिक्षकांनी प्रथम उथळ पाण्यात हातांच्या खुणा शिकविल्या. वर येताना श्वास रोखल्यास फुप्फुसांतील हवा फुगून इजा होते, हेही समजावले. पुतण्याने मध्येच खूण करताच ते त्याला घेऊन वर आले. कोणी कुरकुरले नाही. दर अधिक होता, पण तो मला महाग वाटला नाही.

तथापि नौका लहान, म्हणून ती सुरक्षित, असे मानू नये. मे २०२२ मध्ये तारकर्लीनजीक पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला, हे विसरता येत नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी विचारावे: प्रशिक्षकांकडे प्रमाणपत्र आहे का? एका प्रशिक्षकामागे किती जण? प्रत्येकास जीवरक्षक जाकीट आहे का? प्राणवायूची सोय आहे का? आणि मुलांना घरीच सांगून ठेवावे: भीती वाटली, कान दुखला, तर नि:संकोच परत या, पैसे गेले तरी चालतील.