डोहाळे म्हणून किती दिवस अंगावर काढायचं?

मैत्रिणींनो, घरात गोड बातमी कळली की पाठोपाठ मळमळ, उलट्या येणारच, हे आपण धरूनच चालतो. शंभरातल्या सत्तरएक जणींना हा त्रास होतोच. सकाळी उठल्या उठल्या टोस्ट, मग आल्याचा तुकडा, थोडं थोडं खाणं, एवढ्यावर बहुतेकींचं निभावतं. चौथा-पाचवा महिना लागला की उलट्या आपोआप थांबतात.

पण शंभरातल्या एखाद-दुसरीच्या पोटात पाण्याचा घोटही ठरत नाही. वजन उतरतं, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. हे डोहाळे नव्हेत, हा आजार आहे. त्याचं नाव हायपरएमेसिस ग्रॅव्हिडेरम. इंग्लंडच्या राजघराण्यातल्या केटला डिसेंबर २०१२ मध्ये याचसाठी दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. आपल्याकडे मात्र सुनेला ऐकावं लागतं, 'आम्ही नाही का बाळंतपणं काढली? हिचीच नाटकं!' ही नाटकं नाहीत. गर्भाकडून आईच्या रक्तात येणाऱ्या जीडीएफ-१५ नावाच्या संप्रेरकाशी या त्रासाचा संबंध असल्याचं २०२३ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं आहे.

अशा वेळी पुष्कळ घरांतून पहिली धाव असते ती होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांकडे. बाळाला 'गरम' औषध नको, ही भीती त्यामागे असते. शिवाय डॉक्टर ओळखीचे असतात आणि शांतपणे ऐकूनही घेतात. इपिकॅक, नक्स व्होमिका, सेपिया ही नावं आता आपल्याही तोंडी बसली आहेत. पण '३०' पोटन्सी म्हणजे मूळ औषध शंभर पट पातळ करायचं, आणि असं तीस वेळा! शेवटी गोळीत त्याचा कणही उरत नाही. म्हणून ती बाधत नाही, हे खरं. पण मग उलटी थांबवायला तरी तिच्यात काय असणार? कोणत्याही आजारावर होमिओपॅथी गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा नाही, असा निष्कर्ष ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये काढला. 'मला तर गुण आला' म्हणणाऱ्या भेटतात. त्यांच्या उलट्या चौथ्या महिन्यात तशाही थांबणारच होत्या.

गोळीने नुकसान होत नाही, वाट बघण्याने होतं. 'आठ दिवस बघू, मग पोटन्सी वाढवू' म्हणेपर्यंत अंगातलं पाणी आटतं. उलट्या आठवडेच्या आठवडे चालल्या तर बी-१ जीवनसत्त्व संपून मेंदूलाही इजा होऊ शकते. दवाखान्यात सलाइन आणि बी-१ देतात, त्याने जीव सावरतो.

आणि उलटीवरच्या औषधाची भीती? डॉक्सिलामिन आणि बी-६ यांची गोळी गरोदर बायकांना कितीतरी वर्षं दिली जाते. खटल्यांना कंटाळून १९८३ मध्ये कंपनीने ती अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतली. पण तिच्यामुळे बाळात व्यंग येत असल्याचं सिद्ध झालं नाही, आणि २०१३ मध्ये तिथे तिला पुन्हा मान्यता मिळाली. अर्थात, ती डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच घ्यायची.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. दिवसभरात पाणीही टिकलं नाही, लघवी गडद किंवा अगदी कमी झाली, पन्नास किलोच्या बाईचं वजन अडीच किलोने घटलं, चक्कर आली, उलटीत रक्त दिसलं, ताप आला किंवा पोट दुखलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पैशांसाठी अडून राहू नका. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात गरोदर बाईला औषधं, तपासण्या, जेवण आणि जाण्या-येण्याचं वाहन मोफत आहे. आशाताईंना विचारा, अडलं तर १०८ ला फोन करा.

गोड गोळ्यांवर विश्वास असेल तर त्या घ्या बापड्या. पण त्यांच्या भरवशावर दवाखान्याची वाट लांबवू नका. आणि सासूबाई, सून पोटात काही राहत नाही म्हणाली, तर आधी तिला लघवीचा रंग विचारा. आपल्या वेळच्या गोष्टी नंतर सांगता येतील.