भोजनशाळेंतील दोन भिंती

इटलींतील मिलान शहरीं गेलेला प्रवासी 'सांता मारिया देल्ले ग्रात्सिए' हें चर्च पाहिल्यावांचून सहसा परतत नाहीं. लिओनार्दो दा विंचीचें 'अखेरचें भोजन' हें चित्र तेथलेंच. मात्र तें चर्चमध्यें नसून लगतच्या मठांत, डोमिनिकन साधूंच्या भोजनशाळेंत आहे. तिकीट बरेंच आधीं काढावें लागतें, आणि आंत पंधरा मिनिटेंच थांबूं देतात.

चित्र सुमारें १५ फूट उंच व २९ फूट रुंद. शिष्यांपैकींच एकजण घात करणार, हें ख्रिस्ताच्या तोंडून ऐकतांच बाराजणांत उडालेली खळबळ त्यांच्या हातांतून दिसते. अधिक वर्णन करीत नाहीं; छापील प्रती वाचकांच्या पाहण्यांत असतीलच. प्रतींत न दिसणारी गोष्ट म्हणजे त्या भिंतीची दैना.

ओल्या गिलाव्यावर दिलेला रंग चुन्याशीं एकजीव होतो; परंतु गिलावा वाळण्यापूर्वीं हात उरकावा लागतो. ही घाई लिओनार्दोस मानवेना. त्यानें १४९५ ते १४९८ च्या सुमारास कोरड्या भिंतीवर, सवडीनें, फिरफिरून सुधारीत काम केलें. वीस वर्षांच्या आंतच चित्र बिघडूं लागलें. पुढें १६५२ सालीं भिंतींत दार पाडलें, त्यांत ख्रिस्ताचे पाय गेले. १९४३ च्या ऑगस्टांत बाँब पडून छप्पर कोसळलें. वाळूच्या पोत्यांआड चित्र वांचलें. वीस वर्षांहून अधिक चाललेली शेवटची दुरुस्ती १९९९ सालीं संपली.

आम्ही हें सारें आठवीत उभे असतां सोबतच्या काकू गर्दीस कंटाळून मागें वळल्या व म्हणाल्या, "अहो, हें मागचें तर जसेंच्या तसें आहे कीं!"

समोरच्या भिंतीवर दोनातो मोंतोर्फानो याचें क्रूसारोहणाचें चित्र आहे, १४९५ सालचें. तो रूढ रीतीनें, ओल्या गिलाव्यावर रंगविणारा. त्याचें नांव आम्हांस ठाऊक नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर दहा-बारा मिनिटें आम्हीही त्याच्याकडे पाठ करून उभे होतों. त्याचे घोडे, स्वार, ध्वज अद्याप स्पष्ट दिसतात. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत मात्र फिकट डाग. तेथें ड्यूक लुदोविको, त्याची पत्नी बेआत्रीचे व दोन मुलगे गुडघे टेकून बसलेले होते. तीं चित्रें मागाहून, कोरड्यावर, लिओनार्दोनें काढलीं असें मानतात.

काकू त्या डागांत बेआत्रीचेचा चेहरा शोधीत होत्या, तोंच वेळ संपल्याची सूचना झाली.