तुमचा फ्लॅट मोर्चावर उभा आहे

कामोठेकर हो,

कुठे मोर्चा निघाल्याची बातमी आली की सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो: ‘यांना कामधंदा नाही का?’ दुसरा ट्रॅफिकचा. हे पत्रक त्या पहिल्या मेसेजवाल्यांसाठी आहे.

कपाटातून फ्लॅटचा करारनामा काढा. सुरुवातीची जी पानं आपण सही करताना वाचत नाही, त्यांत प्लॉटची कुळकथा असते. कामोठ्यातल्या कितीतरी इमारतींच्या करारात तिथे ‘साडेबारा टक्के योजना’ किंवा ‘गावठाण विस्तार योजना’ हे शब्द सापडतील. पुढे मूळ भूखंडधारकाचं नाव, बहुतेक वेळा कुणी पाटील नाहीतर म्हात्रे. नाव वाचा, घाई नाही.

तो भूखंड सिडकोने उदार होऊन दिलेला नाही. 1970 साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. मोबदला असा की भातशेती आणि मिठागरं देऊन माणूस आपल्याच गावात उपरा व्हावा. अर्ज-विनंत्या झाल्या, विधानसभेत भाषणं झाली. शेवटी 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जासईजवळ दास्तान फाट्यावर आणि नवघरला रस्त्यावर उतरले. बायाबापड्याही होत्या. पोलिसांनी गोळीबार केला. दोन दिवसांत पाच जण गेले. त्यानंतर कुठे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व सरकारने मानलं. त्या भूखंडावर बिल्डर आला, मग आपण आलो. आणि आता चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून आपण विचारतो, यांना कामधंदा नाही का!

आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंना घेऊन चवदार तळ्यापर्यंत शिस्तीत चालत गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. एवढंच केलं, तरी सवर्ण गुंडांच्या लाठ्या बसल्या. अलिबागजवळच्या चरीत तर मोर्चासुद्धा नव्हता. नारायण नागू पाटलांच्या शब्दावर 1933 पासून कुळांनी खोतांच्या जमिनी कसायच्याच सोडल्या. शेतं ओस पडली, लोकांनी जंगलातली लाकडं विकून दिवस काढले, पण संप जवळजवळ सहा वर्षं मोडला नाही. हात न उगारता खोताला टेकीला आणण्याचा याहून चिवट प्रकार निदान आम्हाला तरी ठाऊक नाही.

आता कायदा. शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क संविधानाच्या कलम 19 मध्ये लिहिलेला आहे. सरकार त्यावर वाजवी निर्बंध घालू शकतं, पण हक्क पोलीस ठाण्याच्या टेबलावर जन्माला येत नाही. अहमदाबादला रस्त्यावर सभा घ्यायला पोलीस आयुक्तांनी नकार दिला, तेव्हा हिंमतलाल शहा सर्वोच्च न्यायालयात गेले. 1972 साली घटनापीठाने सांगितलं की सभेची जागा-वेळ नियमात बसवता येईल, पण मनाला येईल तसा नकार देण्याची मोकळीक अधिकाऱ्याला मिळणार नाही. आयुक्तांच्या त्या नकारामागचा नियम ज्या मुंबई पोलीस कायद्याखाली केला होता, तोच 1951 चा कायदा आज ‘महाराष्ट्र पोलीस कायदा’ म्हणून आपल्याला लागू आहे. त्याच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतो. पंधरा दिवसांपलीकडे तो चालवायला राज्य सरकारची मंजुरी लागते. वाट कशी काढतात? मुदत संपली की नवा आदेश! पाच माणसं जमली की बेकायदा, हे अपवाद म्हणून ठीक. वर्षभराचं कॅलेंडर म्हणून नाही.

‘पण रुग्णवाहिका अडकते त्याचं काय?’ प्रश्न खरा आहे. सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही, हे न्यायालयाने शाहीनबाग प्रकरणात 2020 साली सांगितलं आहे. 25 जुलै 2018 ला शेजारच्या कळंबोलीत दगडफेक-जाळपोळ झाली, तिचं समर्थन आम्ही करणार नाही. पण त्याच वर्षीचा मार्च आठवा. नाशिकहून पायी आलेले हजारो शेतकरी आणि आदिवासी सायनच्या मैदानावर पोचले. सकाळी दहावीच्या मुलांचा पेपर होता. ती अडकू नयेत म्हणून, पायांना फोड आलेले असताना, ही माणसं रातोरात चालून आझाद मैदानात गेली. मोर्चेवाल्यांना शहराची काळजी नसते, असं कुणी म्हणालं की आम्हाला हे पाय आठवतात.

उद्या आपलीही पाळी येईल, आलीच आहे. 2016 च्या ऑक्टोबरात पनवेल महापालिका झाली. सिडकोला सेवाशुल्क भरत असलेल्यांच्या हातात नंतर थेट त्या वर्षापासूनची मालमत्ता कराची बिलं पडली, तेव्हा ‘कामधंदा’ असलेली माणसंच घोषणा देत होती ना?

तेव्हा सभेची लेखी सूचना चार दिवस आधी पोलीस ठाण्यात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. तोंडी ‘नाही’ ऐकून परत येऊ नका; नकार कारणासह लेखी मागा. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 149 ची, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 ची प्रतिबंधात्मक नोटीस पोलिसांकडून घरी आली तर घाबरू नका, वाचा, झेरॉक्स काढून वकिलाला दाखवा. कामोठ्यात सभेसाठी एक मैदान कायमचं ठरवून मिळावं, अशी आमची मागणी आहे. मात्र ते दाखवून बाकी सगळीकडे बंदी घालायला आमचा विरोध राहील. या मागणीवर सह्या गोळा करायला आम्ही सेक्टरवार येत आहोत. वॉचमनला सांगून ठेवा.

— कामोठ्यातील काही रहिवासी आणि गावकरी