नळी कुणाच्या हुकमाने?

‘जीव वाचवतो’ म्हणत सरकारने इरोम शर्मिलाला २००० ते २०१६ नाकातल्या नळीने जगवले. लष्कराच्या खास अधिकारांचा कायदा रद्द करा, ही तिची मागणी मात्र ऐकली नाही. अंदमानात १९३३ साली जबरदस्तीने पाजलेले दूध फुप्फुसात जाऊन महावीर सिंह मेले. कैद्याने समजून-उमजून अन्न नाकारले तर डॉक्टरने ते नळीने भरवू नये, असे जागतिक वैद्यकीय संघटनेने १९७५ मध्येच टोकियोत सांगितले. बाईचे ‘नको’ लग्नात, बाळंतपणात डावलणारी व्यवस्थाच तुरुंगात नळी घालते. आपल्या धुळे-जळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत हे शिकवतात का? मैत्रिणींनो, जाऊन विचारू या. उद्या इथल्या तुरुंगात एखादी उपोषणाला बसली, तर डॉक्टरने तुरुंगाधिकाऱ्याचा हुकूम बाजूला ठेवून आधी तिला विचारले पाहिजे.