नोंदीवाचून इतिहास नाही

आपल्या बीड जिल्ह्याशेजारचे तेर हेच प्राचीन तगर होय. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविलेल्या वस्तूंतून तेथील संग्रहालय उभे राहिले. तेथील त्रिविक्रम मंदिर मूळचे विटांचे बौद्ध चैत्यगृह होते, असे अनेक अभ्यासक मानतात. परंतु नुसता अभिमान हा पुरावा नव्हे. पंचनाम्यावाचून मुद्देमाल लंगडा पडतो, तसे सापडल्या जागेच्या नोंदीवाचून खापर मुके होते. म्हणून शिकलेल्या मुलामुलींनी संग्रहालयात खापरे धुण्याचे, क्रमांक घालण्याचे, नोंदवही लिहिण्याचे काम मागून घ्यावे. संविधानाच्या ५१-क कलमाने वारशाचे जतन हे नागरिकाचे कर्तव्यच ठरविले आहे. शेतात जुनी नाणी सापडली, तर ती सराफाकडे न नेता जिल्हाधिकाऱ्यास कळवावीत. १८७८ चा निखात निधी कायदा तेच सांगतो. इतिहास पुसला गेला म्हणणाऱ्यांनी प्रथम लेखणी हाती धरावी.